उठून गेलेला हत्ती

माक्वालाच्या वजिराने प्यादं खाल्लं, तिने घड्याळाची कळ दाबली, आणि खुर्चीला पाठ टेकली. तिला अगदी निवांत वाटत होतं. समोर झुराब होता, इथून, म्हणजे कुताइसीहून, बाटुमीला मिनीबस चालवणारा, जाडजूड बोटांचा, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस. तो आता बोलेना. त्याने पटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे पाहिलं, आणि आपला हत्ती उचलून सरळ तिच्या पहिल्या रांगेत आणून ठेवला. ठेवला तोही हळूच, आजाऱ्याच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवावा तसा. शह. माक्वाला हसली. आपल्या हत्तीने त्याचा हत्ती मारायचा, एवढंच तर होतं. तिचा हात पुढे गेला, पहिल्या रांगेतल्या त्या घरावर बोटं मिटली, आणि बोटांत काहीच आलं नाही. तिथे कोणी नव्हतंच. ती त्या रिकाम्या घराकडे बघत राहिली. ‘तो कधीच उठून गेलाय, ताई,’ झुराब म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. ‘तुम्हीच नेलात की मघाशी. तो बघा, तिकडे पुढे उभा आहे.’

हरण्याचं तिला काही वाटलं नसतं. या वयात माणूस हरायलाच इथे येतो, असं झुराबच म्हणायचा. पण बोटांना जे जाणवलं ते काही केल्या जाईना. तो हत्ती तिने स्वतःच्या हाताने हलवला होता, चांगला विचार करून, आणि आपल्याच प्याद्यांच्या पुढे नेऊन काळ्या राजावर रोखून उभा केला होता. नेताना ती स्वतःवर खूशही झाली होती. आणि तरीही तो मागच्या घरावर होताच. तिने त्याला तिथे पाहिलं होतं. त्याच्याच भरवशावर वजिराला पटाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका प्याद्यासाठी धाडलं होतं. डोळे टक्क उघडे ठेवून माणूस नसलेलं कसं बघतो, हा प्रश्न तिला नको होता. कारण असं बघणं आपल्याला नवीन नाही, हे तिला त्याच वेळी कळून चुकलं होतं.

बुद्धिबळ भवनात मुलांचा वर्ग वरच्या मजल्यावर भरे आणि मोठ्यांचा तळमजल्यावर, शेगडीच्या खोलीत. मुलं खेळात वर जाणार म्हणून वर, आणि मोठ्यांचे गुडघे जिना चढायला तयार नसत म्हणून खाली, असा साधा हिशेब. भिंतीवर जुन्या विजेत्या बायकांचे फोटो होते. माक्वाला लहान असताना, दोन वेण्या घालत असताना, या फोटोंखालीच वाझामास्तरांनी तिला शिकवलं होतं, आणि तेव्हा ती वरच्या मजल्यावर बसायची. मग लग्न झालं, मुलगी झाली, तामता, नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडे दुसरा संसार थाटून बसला, आणि मग ती स्वतःच इटलीला गेली, बारी नावाच्या गावात, म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ-माखू घालायला. मागच्या वर्षी पानगळीच्या सुमारास ती परत आली तेव्हा वाझामास्तर तेच होते, फक्त ऐकायला कमी येत होतं. त्यांनी तिला ओळखलं आणि कुठे होतीस असं न विचारता म्हणाले, ‘उशीर केलास. बस.’ त्या एका वाक्यासाठी ती दर रविवारी येत होती. परत आल्यापासून तिला ‘बस’ असं दुसरं कोणीही म्हटलं नव्हतं.

मास्तर आता काठी टेकत त्यांच्या टेबलाशी आले. पट पाहिला, आणि खुर्ची ओढून बसले.

‘पोरी, हे प्यादं का खाल्लंस?’

‘फुकट होतं.’

‘बाजारात कोणी तुला फुकट मासळी दिली तर काय करतेस?’

‘वास घेऊन बघते.’

‘मग इथे वास का घेतला नाहीस?’

‘ताईंना सर्दी आहे, मास्तर,’ झुराब म्हणाला.

‘तू गप रे. हिच्या मेहेरबानीने जिंकलायस तू.’ मास्तरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. ‘आता मला सांग, प्यादं खाताना तुला काय दिसत होतं? पटावर काय होतं ते नको सांगूस, ते या ड्रायव्हरलाही दिसतं.’

माक्वाला ओशाळली. ‘हत्ती मागे होता,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘पहिल्या रांगेत. मला दिसत होता.’

‘हं,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. वरून मुलांच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. ‘वरची पोरं का हरतात माहितीये? ती बघतच नाहीत. त्यांना बघायला शिकवलं की काम झालं. तुमचं तसं नाही. तुम्ही एकदा बघून ठेवता, आणि मग पट बदलला तरी ते बघून ठेवलेलंच बघत बसता. वर्षभर घरी पुस्तकातले डाव पाठ केलेस ना? काही उपयोग झाला? नाही होणार. तुला नवीन काही यायची गरजच नाहीये. तुझ्या डोक्यात जे बसलंय ते उठायला पाहिजे.’

‘ते कसं उठवायचं?’

‘हात मांड्यांखाली घालून. घाल. अशी बस. समोरचा खेळला की पट नव्याने बघायचा, जणू कोणा परक्याचा डाव आहे आणि तू आत्ताच दारातून आलीस. आधी, कोण कुठून उठलं ते. मग स्वतःला विचारायचं, याला काय हवंय? याला. तुला काय हवंय ते तुला पाठच आहे.’

‘आणि उत्तर आवडलं नाही तर?’

‘आवडेल असं मी कधी म्हटलं?’ मास्तर उठायला लागले. ‘हात बाहेर काढ आता. घरी जा. तामता काय म्हणते? लग्न कधी?’

‘वसंतात,’ माक्वाला म्हणाली. ‘ठरलंय.’

‘ठरलेल्या डावात तर सगळ्यात जास्त चुका होतात,’ असं मास्तर म्हणाले, पण ते शेजारच्या टेबलावरच्या कोणाला तरी उद्देशून होतं. तिथे एक दंतवैद्य जिंकत आलेला डाव घालवून कपाळाला हात लावून बसला होता.

ती बाहेर पडली तेव्हा ऊन उतरलं होतं. रिओनी नदीच्या पुलावर नेहमीसारखी माणसं कठड्याला टेकून पाणी बघत होती. पांढऱ्या खडकांतून पाणी हिरवट दिसत होतं. तिलाही थांबावंसं वाटलं. थांबली की विचार येतील म्हणून ती हल्ली पुलावर थांबत नसे, पण आज पायच निघेनात. बारीला असताना, म्हातारी दुपारची झोपली की माक्वाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि पटाशिवाय डाव खेळायची, डोक्यातल्या डोक्यात, दोन्ही बाजूंनी. सुरुवातीला सातव्या-आठव्या खेळीला सगळं धूसर होई, पुढे पुढे पुरा डाव डोळ्यांसमोर राहू लागला. आणि डाव खेळून कंटाळा आला की ती घर मांडायची. सासूबाई, म्हणजे बाबुत्सा, चुलीशी मक्याची भाकरी उलटतायत. खिडकीशी तामता, पाठीवर जड झालेलं दप्तर, नाकाला सर्दी, एक मोजा घसरलेला. अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली टेबल. ती प्रत्येकाला आपापल्या जागी ठेवायची आणि मग काहीच करायची नाही, नुसती बघायची. डाव खेळताना निदान ती खेळ्या करत होती. घराच्या पटावर तिने इतक्या वर्षांत एकही खेळी होऊ दिली नाही, हे तिला आत्ता, पुलावर, कठड्याच्या गार लोखंडावर हात ठेवल्यावर कळलं, आणि तिला स्वतःची चीड आली.

खेळ्या तर होतच होत्या. बाबुत्सा गेल्या तेव्हा माक्वालाकडे परत यायचे कागद नव्हते. इटली सोडली असती तर पुन्हा आत शिरता आलं नसतं, आणि तामताची शाळा, औषधं, विजेचं बिल, सगळं तिच्या पाठवण्यावर चाललेलं. शेजारणीने शवपेटीवर मोबाइल धरला होता. माक्वालाने बारीच्या स्टेशनासमोरच्या बागेत बाकावर बसून सासूचा मेणासारखा चेहरा पाहिला, रडणाऱ्या बायका पाहिल्या, आणि कोपऱ्यात काळा स्वेटर घातलेली एक उंच, खांदे पाडून उभी असलेली मुलगी पाहिली. ही कोण, म्हणून तिने विचारलंही होतं. शेजारीण म्हणाली, ‘अगं, कोण काय? तुझी तामता.’ तिने तेव्हा स्वतःची समजूत घातली, की चित्र हलत होतं, उजेड कमी होता. म्हाताऱ्या बाईसाठी रडायचं सोडून ती उजेडाबद्दल बोलत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घर मांडताना तिने सासूला चुलीशी ठेवलं आणि तामताला खिडकीशी, मोजा घसरलेल्या तामताला.

विमानतळावरचं तर आठवलं की तिला अजून घाम फुटतो. बाहेर माणसांची गर्दी, फुलं, आरडाओरडा. तिची नजर गर्दीत शोधत होती, आणि ती शोधत होती खाली, लोकांच्या कमरेच्या उंचीवर, बॅगा आणि कोटांच्या मधून. कुठे आहे, कुठे राहिली, हरवली तर नाही ना. आणि समोर, अगदी हाताच्या अंतरावर, एक बाई उभी होती, ओठांना फिकट रंग लावलेली, केस कापलेली, हातात शेवंतीचा गुच्छ. ती बाई म्हणाली, ‘इकडे वर बघ.’ हसून म्हणाली खरं, पण ते हसणं तेवढ्यापुरतंच होतं. तामताला तिथे काय हवं असेल याचा माक्वालाने तेव्हा विचार केला नाही. गाडीत बसल्यावर तिने बॅगेतून आणलेली वस्तू काढून दिली, लोकरीची टोपी, कानांवर गोंडे असलेली. तामताने ती हातात घेतली, गोंडे चाचपले, थँक्यू म्हणाली. टोपी अजून कपाटात वरच्या फळीवर होती.

पूल संपवून ती हिरव्या बाजारात शिरली. ताजे अक्रोड आले होते, पेरसिमनची केशरी फळं आली होती. तिने पालक घेतला, अक्रोडही घेतले, मग बाईला म्हणाली, अक्रोड नकोत, मुलीला चालत नाहीत, घशाला खाज सुटते. भाजीवाली अक्रोड काढून घेऊ लागली, आणि माक्वालाला आठवलं, की दोन-तीन महिन्यांपूर्वी होणाऱ्या जावयाच्या, लेवानच्या आईने पाठवलेल्या अक्रोड घातलेल्या वांग्यांचं भांडं तामताने ओट्याशी उभ्याउभ्याच बोटांनी पुसून खाल्लं होतं. ‘राहू द्या,’ ती म्हणाली. ‘बाई, एकदा ठरवा काय ते,’ भाजीवाली म्हणाली, ‘मुलगी केवढी आहे तुमची?’ माक्वालाने उत्तर दिलं नाही. अशा किती गोष्टी. चीजच्या पोळीची कडा तामता लहानपणी खायची नाही म्हणून अजूनही ती कडा काढून द्यायची, आणि तामता ती कडा मुकाट्याने ताटातून उचलून खायची. एकदा म्हणाली होती, ‘मी कडा खाते आता.’ एकदाच म्हणाली. पुन्हा सांगितलं नाही, आणि माक्वालाने पुन्हा काढून ठेवली.

लेवान. मास्तरांनी विचारल्यापासून ते नाव डोक्यात कुठेतरी टोचत होतं. लेवान टायरच्या दुकानात काम करायचा, चांगला मुलगा होता, आला की बूट दाराबाहेर काढायचा आणि माक्वालाला पाया-पाठीचं विचारायचा. लग्न वसंतात ठरलेलं. त्या बाजूने तिला काही काळजी नव्हती, आणि काळजी नाही म्हणून तिने तिकडे बघणंच सोडलं होतं. तामता काही दिवसांपासून जेवत नव्हती. दवाखान्यातून, जिथे ती येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसते, तिथून आली की खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. माक्वालाने त्याचा अर्थ लावला होता, की मुलगी दमते. मग दुसरा अर्थ लावला, की आपला राग येतो, आणि तो खरा असेल या भीतीने त्याच्या खोलात गेली नाही. आणि लेवान? तो शेवटचा कधी आला होता? द्राक्षं उतरवायला गावी गेलाय, असं ती समजून चालली होती. पण हे तिला सांगितलं कोणी? तिने बाजाराच्या दाराशी थांबून आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं. पानगळ आली, पानगळीत पोरं गावी जातात, म्हणून तिने त्याला तिकडे नेऊन ठेवला होता.

घरापर्यंतच्या चढावर तिने दोनदा पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काय बोलायचं ते तिने सकाळीच ठरवलं होतं: लग्नाच्या गाद्या-उशा उसवून लोकर धुवायची, बाबुत्साचं मोठं पातेलं कल्हई करून आणायचं, हिवाळ्याआधी दोघींनी मिळून तामताची खोली रंगवायची. छान बेत होता. त्यातली प्रत्येक खेळी तिला आवडत होती, आणि तेच आता तिला भीतिदायक वाटू लागलं. त्या सगळ्या बेतात तामता कुठेच काही बोलत नव्हती, नुसती खिडकीशी उभी होती. एखाद्या परक्याचं घर आहे आणि आपण आत्ताच दारातून येतोय, असं समजून बघायचं, तिने मनाशी म्हटलं. मास्तरांना सांगायला सोपं आहे, त्यांना पोर ना बाळ. पण दार ढकलताना तिने खरंच तसं बघायचा प्रयत्न केला.

स्वयंपाकघरात एक तरुण बाई टेबलाशी बसली होती. करड्या रंगाचा स्वेटर, बाह्या पंजांवर ओढलेल्या. समोर चहाचा कप, भरलेला आणि गार झालेला, वर साय आल्यासारखा तवंग. डोळ्यांखाली काळं. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या बोटाभोवती सारखं फिरत होतं, आणि त्या बोटात, जिथे लेवानने दिलेली पातळ अंगठी असायची, तिथे अंगठी नव्हती. माक्वालाला क्षणभर ती अंगठी दिसलीही होती. मग तिने पुन्हा पाहिलं. बोट मोकळं होतं, आणि अंगठीच्या जागी पांढुरका पट्टा.

‘आलीस?’ तामता म्हणाली. ‘जिंकलीस का?’

‘हरले.’

‘असू दे,’ तामता म्हणाली, आणि उठून तिच्या हातातली पिशवी घेऊ लागली. माक्वालाच्या तोंडाशी सगळं एकदम आलं: अंगठी कुठे गेली, तो काय म्हणाला, मी त्याच्या आईशी बोलते, तू जेवली का नाहीस. ती पटकन बाकावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

‘अशी काय बसलीस?’

‘थंडी वाजतेय.’

‘शेगडी पेटवू?’

‘नको. तामता, तुला एक विचारू?’

‘विचार की.’

‘तुला काय हवंय?’

‘आत्ता? काही नाही. चहा आहे.’

‘आत्ता नाही. माझ्याकडून. मी आल्यापासून मीच ठरवतेय सगळं. तुला काय हवंय ते मी कधी विचारलंच नाही.’

तामताने पिशवी ओट्यावर ठेवली. पालकाची जुडी बाहेर काढली, तिचा दोरा सोडला, पानं पसरली, पुन्हा गोळा केली. माक्वालाचे हात तिच्याच वजनाखाली बधिर होत होते. तिला वाटत होतं, मुलगी म्हणेल, की मला घ्यायला दवाखान्यात येत जाऊ नकोस. किंवा कडा काढू नकोस. किंवा काहीच म्हणणार नाही. तिने सगळ्या उत्तरांची तयारी केली.

‘रागावशील तू,’ तामता म्हणाली.

‘नाही रागावणार.’

‘मला वाटतं, तू परत जावंस.’

माक्वालाने मान हलवली, जणू कोणी दुकानाचा पत्ता सांगितला होता. ही खेळी तिच्या हिशेबात नव्हती. बोलायला हवं होतं. अकरा वर्षं, म्हणायला हवं होतं, अकरा वर्षं मी परक्या माणसांचं हगमूत काढलं ते कोणासाठी. हे वाक्य तयार होतं, कितीतरी वर्षं तयार होतं, आणि बिनतोड होतं. ते तिने गिळलं.

‘का?’ तिने विचारलं. ‘मला समजून घ्यायचंय.’

‘मला नीट सांगता येत नाही.’ तामता ओट्याला टेकली. ती आईकडे बघत नव्हती. ‘तू वाईट आहेस असं नाही. सगळं करतेस. मी येते तेव्हा घर गरम असतं, मला माहितीये. पण तू तिकडे होतीस ना, तेव्हा रविवारी फोन करायचीस. मी आजीच्या खोलीत पांघरुणात शिरायचे, दिवा घालवायचे आणि तुला सगळं सांगायचे. शाळेतलं, आजीचं, बाबांचं, मला पहिल्यांदा पाळी आली ते. सगळं. तू दिसत नव्हतीस. नुसती ऐकायचीस. आजी गेली तेव्हा मी तुझ्याशी बोलत बोलत झोपले होते, तू बंद केला नव्हतास फोन. आठवतंय?’

‘आठवतंय.’

‘आता तू समोर असतेस आणि मला शब्दच फुटत नाही. मी काही सांगायला लागले की तू बघतेस. माझ्याकडे बघतेस आणि माझ्यात कोणाला तरी शोधत असतेस. मग मलाच वाटायला लागतं, की मी मध्ये उभी आहे.’ ती थांबली. ‘मला फोनवरची आई होती. ती तू आलीस तेव्हा गेली.’

बाहेर कोणाची तरी गाडी चढ चढताना घरघरत होती. माक्वालाने हात मोकळे केले आणि मांडीवर ठेवले; बोटांना मुंग्या आल्या होत्या. समोर तिची मुलगी उभी होती, मोठी झालेली, दुःखात असलेली, आणि जवळ जाऊन तिला धरावं यापलीकडे माक्वालाला या जगात काही नको होतं. पण आपल्याला काय हवंय ते तिला पाठच होतं. ती उठली, खुंटीवरचा कोट अंगावर घेतला.

‘कुठे निघालीस? मी आत्ता जा म्हटलं नाही. अगं, थांब ना.’

‘येते,’ माक्वाला म्हणाली.

अंगणात अजून थोडा उजेड होता. वेलाची पानं गळून टेबलावर पडली होती. ती त्या टेबलाच्याही पलीकडे, कुंपणापर्यंत गेली, घराकडे पाठ केली, आणि मोबाइल काढून मुलीचा नंबर लावला. वाजत राहिला. तिने मागे वळून पाहिलं. खिडकीत दिवा लागला होता आणि तामता टेबलावरच्या मोबाइलकडे बघत होती, मग खिडकीकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. उचलणार नाही, माक्वालाला वाटलं. वेडेपणा झाला. मग तामता पुढे झाली, तिने हात लांब करून दिवा घालवला, आणि वाजणं थांबलं.

‘आई,’ माक्वाला म्हणाली. इकडे आया आपल्या मुलांना हीच हाक मारतात. ‘कशी आहेस, आई?’

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘आई,’ तामता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ‘बरी नाहीये मी.’

‘सांग.’

‘लेवान पोलंडला चाललाय. कोणत्यातरी गोदामात. दोन वर्षांसाठी, म्हणतो. म्हणतो, इथे टायर बदलून घर होत नाही. परत येईन, मग लग्न करू, म्हणतो.’

‘तू काय म्हणालीस?’

‘मी अंगठी दिली परत.’

माक्वालाच्या तोंडाशी आलं, दोन वर्षं म्हणजे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जातात, चांगला मुलगा आहे, येईल. तिने एका हाताने कुंपणाची फळी धरून ठेवली. काळ्या काचेमागे काही दिसत नव्हतं, पण आता रडू ऐकू येत होतं, मोबाइलमधून, आणि नीट कान दिला तर घरातूनही.

‘तो म्हणाला, दोन वर्षांचं काय एवढं,’ तामता म्हणाली. ‘मी म्हटलं, जायचं तर जा, पण परत येऊ नकोस. परत आलेली माणसं मला माहितीयेत. तीही बिचारी रडतात आणि आपणही रडतो. आई, मी चुकले का?’

दार वीस पावलांवर होतं, आणि नुसतं लोटलेलं होतं.

‘आई? आहेस ना?’

‘आहे,’ माक्वाला म्हणाली. ‘बोल तू. मी ऐकतेय.’

तामता बोलू लागली. वारा सुटला होता आणि कोट पातळ होता. आत न जाता, आवाज कापू न देता, मुलगी पुरतं बोलून होईपर्यंत ती तिथेच, कुंपणाशी उभी राहिली.